चन्नूला ठेवायचं कुठं?

माझी पिशवी काढली त्याला आता वर्ष होत आलं. पिशवी म्हणजे गर्भाशय. पण आमच्या सोलापुरात बायका गर्भाशय म्हणत नाहीत, आणि पिशवी म्हणतात तेही आवाज खाली घेऊन. मी मोठ्यानं म्हणते. फिजिओथेरपीच्या सेंटरवर बाकावर आम्ही आया पोरं मांडीवर घेऊन नंबरची वाट बघत बसतो, तिथं मला हमखास एक प्रश्न येतो. "ऑपरेशनला गेलता तवा चन्नूला कुटं ठेवलं वो?" दुखलं का, असं एकीनंही आजवर विचारलेलं नाही. दुखणं सगळ्यांना माहीत आहे. पोराला ठेवायचं कुठं, तेवढं कुणालाच माहीत नाही. दर वेळी तेच तेच सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

चन्नू माझी मुलगी. बारा वर्षांची. जन्मली तेव्हा रडली नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला. तिला बसता येत नाही, बोलता येत नाही, मान अजून डुगडुगते. हसते मात्र अशी, की वरच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून वाकून बघतात. आम्ही जुळे सोलापूर भागात तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिचे बाबा चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहेत, पाळीची ड्युटी. सकाळी चन्नूला उचलून मोरीत न्यायचं, आंघोळ घालायची, कपाळाला विभूती लावायची, मांडीवर घेऊन भरवायचं, मग कूस बदलायची, पुन्हा उचलायचं, पुन्हा भरवायचं. हे सगळं कोण करतं? मी. दुसरं कोण करणार!

जड काय उचलता?

अंग बाहेर येतंय हे मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं? चन्नूला उचललं की खालून काहीतरी सरकायचं. मी तशीच कपडा घट्ट बांधून कामाला लागायचे. शिंक आली तरी पोटात धस्स व्हायचं. एक दिवस तिला खुर्चीतून पलंगावर घेताना अशी कळ आली, की आम्ही दोघी फरशीवरच बसलो. चन्नूला वाटलं मी खेळतेय. ती खदखदा हसत होती आणि मला उठता येत नव्हतं.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या. तपासून हात धुवून आल्या आणि म्हणाल्या, "घरात जड काय उचलता? पाण्याच्या घागरी?"

"पोरगी."

"पोरगी? केवढी आहे?"

"बारा वर्षांची."

त्यांनी पेन खाली ठेवला. पिशवी काढावी लागेल म्हणाल्या, फार दिवस ढकलू नका. आणि नंतर तीन महिने जड उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा नाही.

"आणि पोरगी?"

"पोरगी तर नाहीच नाही. घरी दुसरं कोण आहे तुमच्या?"

मला हसू आलं. नको तिथं हसू येतं मला, काय करणार. बाईंना वाटलं असेल, ही वेडीच दिसते.

भीती वाटली का? वाटली की. पण टेबलावर काय होईल याची नाही. चन्नू माझ्या हाताशिवाय कुणाच्या हातानं खात नाही. बाबा भरवायला बसले तरी दात मिटून घेते. मी चार दिवस पडले तर ही उपाशी राहील, आणि मी टेबलावरून उठलेच नाही तर?  रिक्षात बसले तेव्हा रिक्षावाला दोनदा विचारत होता, मावशी कुठं जायचं, आणि मला पत्ता आठवेना.

डबा सगळे देतात

धाकट्या जावेला सांगितलं. ती सोलापुरातच राहते. तिच्या डोळ्यांत लगेच पाणी. "अक्का, तुमी कायबी काळजी करू नका. डब्याचं मी बगते की."

"आणि चन्नूचं?"

"अय्यो, ती माज्या हातानं खाते कुटं?"

खरं बोलली. त्याचाच तर राग आला.

सासूबाई अक्कलकोटच्या पुढं गावाकडं असतात. गुडघे गेलेत त्यांचे. फोनवर म्हणाल्या, "मी येते गं अव्वा, पन तिला उचलू कशी?" आणि रडायला लागल्या. मग मलाच त्यांची समजूत काढावी लागली. शेजारणी म्हणाल्या, काय लागलं तर सांगा हं. काय लागतंय ते सांगितलं की खाली बघायच्या. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे देते, पण थोडा.

राहिले चन्नूचे बाबा. माणूस वाईट नाही. पण पुढच्या महिन्यात बघू, सणानंतर बघू, असं त्यांचं चाललं होतं. एक दिवस मी कावले. म्हटलं, "तुमच्या कंपनीत मशीन बंद पडलं की दुसऱ्या दिवशी माणूस हजर होतो ना? मी बंद पडले तर कोण येणार आहे?" ते डबा न घेताच ड्युटीवर गेले. मी तो डबा उघडून स्वतः खाल्ला, रागानं. शेंगाचटणी जास्तच तिखट झाली होती.

चार दिवसांसाठी नाही

मग शोधायला लागले. एका वसतिगृहात सांगितलं, आम्ही चालणारी, स्वतः जेवणारी मुलं घेतो. म्हटलं, अहो, चालत असती आणि स्वतः जेवत असती तर तिला मामाच्या गावाला पाठवली असती की! तुमच्याकडं कशाला आले असते? विशेष मुलांच्या शाळेत तर दुपारी घरी न्यावंच लागतं, आणि तिथं राहायची सोय नाही. वृद्धाश्रमातसुद्धा विचारून आले. तिथले काका म्हणाले, आमचीच माणसं आम्हाला उचलवत नाहीत.

सगळ्यांत लागलं ते एका आश्रमातलं. तिथले व्यवस्थापक चष्मा पुसत म्हणाले, "कायमची ठेवायची असेल तर बघता येईल."

"कायमची नाही हो. माझं ऑपरेशन होऊन मी जरा उभी राहीपर्यंत."

"असं थोड्या दिवसांसाठी कोण ठेवतं? नंतर आई-बाप फिरकत नाहीत, अनुभव आहे आम्हाला."

तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे पोरगी टाकून जायची असती तर जागा होती! घरी परत न्यायची आहे म्हणून जागा नाही.  बाहेर येऊन चपला घालताना जे बोलायचं ते बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ज्या दवाखान्यात ऑपरेशन व्हायचं होतं, तिथल्या समाजसेविका म्हणाल्या, याला रेस्पाइट केअर म्हणतात, मोठ्या शहरांत असतं. सांभाळणाऱ्या माणसाला थोडे दिवस सुट्टी. मराठीत काय म्हणायचं हो, मी विचारलं. त्यांनाही सुचेना. घरी येऊन मी यांना म्हटलं, विसावा म्हणूया का? हे म्हणाले, हायवेवरच्या हॉटेलचं नाव वाटतंय. त्या दिवसांत आम्ही दोघं एकत्र हसलो ते तेवढंच.

अखेर पत्ता मिळाला तो त्या बाकावरच. एका आईनं सांगितलं, अक्कलकोट रोडला, तिथल्या एमआयडीसीच्या पलीकडं एका बाईंनी आपल्या राहत्या घरातच असं काढलंय. त्यांचा स्वतःचा मुलगा चन्नूसारखाच होता. तो गेल्यावर त्यांनी त्याचा पलंग दुसऱ्यांच्या पोरांसाठी ठेवला, मग आणखी पलंग घेतले. पलंग रिकामा असला तर थोड्या दिवसांसाठी घेतात. आमचं नशीब, तेव्हा एक रिकामा होता.

सगळं सांगितलं

पोहोचवायला गेले त्या दिवशी आजूबाजूच्या शेडमधून टॉवेलच्या यंत्रमागांची खडखड चालू होती. चन्नू आवाज ऐकून डोळे मोठे करून बघायला लागली. घर साधंच होतं, पण लघवीचा वास नव्हता. अशा ठिकाणी गेलं की मी आधी वास घेते. पोरांचं बघायला रेहानाबाजी म्हणून होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात काचेच्या बांगड्या.

त्यांना मी सगळं सांगितलं. पेज किती पातळ करायची, हनुवटीखाली बोट कसं धरायचं, घोट उतरल्याशिवाय दुसरा चमचा द्यायचा नाही, फिटची गोळी कुटून गुळाच्या पाण्यातून द्यायची, डाव्या कुशीवर झोपवलं तर रडते, मिक्सरच्या आवाजाला दचकते. बोलता बोलता मला धाप लागली. रेहानाबाजी म्हणाल्या, "ताई, दम घ्या की जरा. आमी हाव ना."

मी चन्नूचा गाल चाटावा इतका जवळ घेतला आणि निघाले. परतताना रिक्षात माझ्या मांडीवर काहीच नव्हतं. हात कुठं ठेवायचे ते कळेना. पर्स मांडीवर घेऊन ती दोन्ही हातांनी धरून बसले, जशी काय पर्सच पडणार होती.

रिकामं स्टूल

वॉर्डात प्रत्येक बाईच्या कॉटजवळ एक स्टूल असतं. कुणाची आई, कुणाची बहीण, कुणाची लेक त्यावर बसलेली. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. यांची ड्युटी. जाऊ यायची, डबा ठेवायची, "अक्का, गरम हाय तवर खावा" म्हणायची आणि जायची. माझं स्टूल रिकामं दिसायचं, म्हणून मी त्यावर पर्स आणि शाल ठेवली. कुणीतरी नुकतंच उठून गेलंय असं वाटावं म्हणून. शेजारच्या कॉटवरच्या बाईची आई तिचे केस विंचरत होती. मी भिंतीकडं तोंड केलं.

ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मला काही कळलंच नाही. पण नंतरचं सांगते. मी झोपले. काय झोपले! कूस बदलायला कुणी नाही, घशातल्या घरघरीवर कान ठेवायचा नाही. पोटात टाके, हातात सलाईन, आणि मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटावी. सिस्टर म्हणाल्या, "काकू, सगळ्या जणी घरी कधी सोडता म्हणून जीव खातात. तुम्ही एकदाही विचारलं नाही." मी हसण्यावारी नेलं. खरं म्हणजे मला जायचंच नव्हतं. असं वाटणाऱ्या आईला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. मी मला काही म्हणत नाही.

ते सुख पुरतं एक दिवसही टिकलं नाही.

मोकळं कपाळ

दुसऱ्या दिवशी हे दुपारीच आले, ड्युटी सोडून. शाल बाजूला करून स्टुलावर बसले आणि सलाईनच्या बाटलीकडं बघायला लागले.

"चन्नू बरी आहे?"

"बरीय."

"जेवली?"

"हं."

यांना खोटं बोलता येत नाही. बोलायला लागले की कान खाजवतात. मी म्हटलं, "कान सोडा आणि खरं सांगा." मग सगळं बाहेर आलं. चन्नूनं तिथं गेल्यापासून काही खाल्लं नव्हतं. पाण्याचे चार चमचे, तेही निम्मे बाहेर. चमचा जवळ नेला की त्यावर डोकं मारायची. गोळी पोटात जात नव्हती, आणि त्या सकाळी फिट येऊन गेली होती. त्या घराच्या बाई म्हणाल्या होत्या, संध्याकाळपर्यंत बघू, नाहीतर सरकारी दवाखान्यात न्यावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल.

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"तुझं ऑपरेशन होतं की गं."

मी उठायला गेले. टाक्यांतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधार. सिस्टर ओरडत आल्या, "अहो काकू, टाके उसवतील, झोपा!" झोपा म्हणे. यांना म्हटलं, फोन लावा, मला तिचं तोंड बघू दे.

व्हिडिओ कॉल लागला. रेहानाबाजींच्या मांडीवर चन्नू. ओठ कोरडे पडलेले, डोळे खोल गेलेले. बाजींनी मला दाखवायला चमचा पुढं केला. बोट हनुवटीखाली बरोबर होतं, पेज बरोबर पातळ होती, मी सांगितलं तस्संच सगळं. आणि चन्नूनं डुगडुगती मान जमेल तेवढी सावरून डोकं पुढं आणलं. चमचा कपाळाला लागला, पेज सांडली.

"बगा ताई, आसंच करते. डोकं मारते."

मी बघतच राहिले. डोकं मारत नव्हती हो ती. कपाळ पुढं करत होती. आणि कपाळ मोकळं होतं.

चन्नू दीड वर्षाची असताना सासूबाईंनी लावलेली सवय ही. दर जेवणाआधी कपाळावर तीन बोटं विभूती, मग पहिला घास. आम्ही लिंगायत, आमच्यात जेवणाआधी विभूती लावायची रीतच आहे. मी काही मोठी भक्तीण नाही, देवाशी माझं रोज भांडण. पण हात आपोआप विभूतीच्या वडीकडं जायचा, पदराला हात पुसावा तसा. तेव्हापासून एक घास विभूतीशिवाय गेला नसेल तिच्या तोंडात. आणि मिक्सरच्या आवाजापर्यंत सगळं सांगणारी मी, तेवढंच सांगायचं विसरले. विसरलेसुद्धा नाही. ते सांगायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं. पोरगी बिचारी दोन दिवस दर चमच्याला कपाळ पुढं करत होती, आधी ते लाव मग खाते म्हणून, आणि सगळे म्हणत होते, डोकं मारते.

मी फोनवर ओरडूनच सांगितलं. वॉर्ड सगळा ऐकत होता. पलीकडं बाजींनी चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाल्या, "ताई, मी लावलं तर चालंल का? म्हंजे, तुमच्यात..."

"अहो बाजी, तुम्ही तिचं हगलं-मुतलं काढता, आणि विभूतीला मला विचारता? लावा की!"

वडी मात्र घरी देवळीत होती. हे गाडी काढून जुळे सोलापुरात गेले, तिथून अक्कलकोट रोडला. मी कॉटवर पडून. करण्यासारखं काहीही नाही. जावेचा डबा तसाच. जीव नुसता टांगणीला. फोन वाजला तेव्हा हातातून निसटून पांघरुणात गेला, तो सापडेना. रेहानाबाजीच होत्या. "ताई! खाल्लं की वो! आख्खी वाटी! गोळी बी गेली पोटात." मागून भांड्यांचा आवाज येत होता आणि चन्नूचं खिदळणं.

मग मी रडले. रडलं की टाके दुखतात, दुखलं की आणखी रडू येतं. शेजारची केस विंचरणारी आजी घाबरून सिस्टरला बोलवायला निघाली. तिला म्हटलं, आजी, बसा, पोरगी जेवली माझी. ती माझ्या रिकाम्या स्टुलावर येऊन बसली आणि माझा हात धरून ठेवला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आज काय

आजची परिस्थिती आधी सांगते, म्हणजे कुणाला खोटी आशा नको. घरी आल्यावर तीन महिने उचलायचं काम यांनी केलं. कंबर धरली तेव्हा म्हणाले, तू हे रोज कसं करत होतीस? मी म्हटलं, बरं झालं विचारलंत. आंघोळीला मात्र सकाळी एक बाई लावली, चन्नू आता वयात येतेय. ते अक्कलकोट रोडचं घर आहे, पण परवा भाचीच्या लग्नासाठी विचारलं तर एकही पलंग रिकामा नव्हता. लग्नाला हे एकटे गेले, मी घरी. बाकावरच्या आया अजून तोच प्रश्न विचारतात आणि माझ्याकडं तो एकच पत्ता आहे. त्यांना एवढं सांगते, की पोराला कुणाकडं ठेवायची वेळ आली तर दिवसभर आपलेच हात बघा. तोंडानं जे सांगाल ते सगळे करतील. हात काय काय करतात ते आपल्यालाच माहीत नसतं.

आता चन्नूला आणायला गेले तो दिवस सांगते आणि थांबते.

दवाखान्यातून सोडल्यावर मी काही दिवस जावेकडं पडून होते. मग आम्ही रिक्षानं गेलो. दुपारची वेळ, पोरांची जेवणं चालू होती. हे पुढं निघाले आणि मी दारातच थांबले. रेहानाबाजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर चन्नू, शेजारी आणखी एक मुलगा, दोघांना आळीपाळीनं घास चालला होता. विभूतीची वडी वर फळीवर कागदात तशीच होती. चन्नूच्या कपाळावर काही नव्हतं. जेवणाच्या गडबडीत बाजी विसरल्या होत्या.

अहो बाजी, विभूती! माझ्या अगदी ओठांवर आलं.

तेवढ्यात बाजी म्हणाल्या, "चन्नूबाय, आ कर." आणि चन्नूनं आ केला. कपाळ पुढं केलं नाही. तोंड उघडलं, घास घेतला, हनुवटीखालच्या बोटावर मान टेकली आणि गिळला.

 मला वाईट वाटलं, हे मी लपवणार नाही. बारा वर्षं जे फक्त माझ्या हाताला मिळालं होतं, ते दुसऱ्या हातानं घेतलं होतं, आणि माझी आठवण काढायचीही गरज पडली नव्हती. इतकं एकटं मला त्या रिकाम्या स्टुलाशेजारीसुद्धा वाटलं नव्हतं. आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरलं. ही खाते. मी नसले तरी ही खाते.

हे म्हणाले, "जा की आत. तुला बघून हसंल ती."

"थांबा जरा. मला बघितलं की तोंड मिटेल ती."

तिला दिसणार नाही अशी मी पायरीवर बसले, चपलांच्या शेजारी. मागांची खडखड चालू होती. तिच्यातूनही चमचा वाटीला लागल्याचा आवाज कळत होता. वाटी संपेपर्यंत मी आत गेले नाही.